कुरणाखालचें विरजण
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं सतत दोन दिवस दहीं लागलें नाहीं. घरांत या गोष्टीची जितकी चर्चा झाली तितकी एखाद्या निवडणुकीचीही होत नसेल. दूध नेहमींप्रमाणेंच तापविलेलें, विरजण तेंच, पातेलें तेंच, दिवस चैत्रांतले, म्हणजे दहीं लवकर लागण्याचे. आणि सकाळीं झांकण काढून पाहावें तों दूध जसेंच्या तसें. पहिल्या दिवशीं दोष विरजणाकडे गेला. दुसऱ्या दिवशीं तो विरजण लावणाऱ्या आमच्या वहिनींकडे वळला आणि त्या बिचाऱ्या निमूट राहिल्या. तिसऱ्या दिवशीं दूधवाल्यानें सहज बोलतां बोलतां सांगितलें कीं, म्हशीची कास सुजली होती म्हणून तिला डॉक्टरकडून सुया टोंचविल्या. कोडें तेथेंच सुटलें. औषध म्हशीच्या रक्तांतून दुधांत उतरलें, दुधांतून आमच्या पातेल्यांत आलें, आणि कासेंतल्या रोगजंतूंचा बंदोबस्त करण्यासाठीं जें निघालें होतें त्यानें वाटेंत आमच्या विरजणांतल्या निरुपद्रवी जंतूंचाही समाचार घेतला. दुग्धव्यवसाय करणाऱ्यांना हा अनुभव जुनाच आहे. दहीं किंवा चीज बनविणारे कारखाने आलेलें दूध या एका गोष्टीसाठीं आधीं तपासून घेतात.

ही घरगुती हकीकत आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, आजचा माझा विषय प्रथम ऐकतांना फार दूरचा वाटेल. हिमालयाच्या पलीकडच्या उतारावरील कुरणें, त्यांत चरणारीं जनावरें आणि त्या कुरणांच्या मातींत राहणारे सूक्ष्म जीव यांचा परस्परसंबंध काय, हा तो विषय. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला त्याचें काय, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच आहे. परंतु आमच्या पातेल्यांत जें घडलें त्याच प्रकारचें कांहीं तरी, तशाच एका औषधानें, १४,००० फुटांवरच्या मातींत घडत असावें असें अलीकडच्या संशोधनांतून दिसूं लागलें आहे. आणि त्या मातीचा जमाखर्च शेवटीं आपणां सर्वांच्याच हवेच्या खातीं मांडला जावयाचा आहे.

हिमाचल प्रदेशांत, तिबेटच्या सीमेकडे, स्पीति नांवाचें एक खोरें आहे. पावसाळ्याचे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेवर आपला भार टाकून रिते होतात. स्पीतीपर्यंत पोंचतां पोंचतां त्यांच्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. तेथें मिळणारें पाणी बहुतांशीं हिवाळ्यांतल्या बर्फाचेंच. वृक्ष जवळजवळ नाहींतच. हिवाळ्यांत थंडी इतकी कीं पारा शून्याखालीं ३० अंशांपर्यंत उतरावा. मे महिन्यांत जमीन मोकळी होते आणि सप्टेंबरांत पुन्हां गारठूं लागते. तेवढ्या चार महिन्यांत गवतानें उगवावयाचें, फुलावयाचें आणि बीं धरावयाचें. या खोऱ्यांत किब्बर नांवाचें एक गांव आहे. आपल्या कळसूबाईवर दुसरें कळसूबाई ठेवलें आणि त्यावर आणखी अर्धें, तर सुमारें किब्बरची उंची येईल. गांवकरी जव आणि हिरवा वाटाणा पिकवितात. याक, गाई, घोडे, गाढवें, शेळ्यामेंढ्या पाळतात. वरच्या डोंगरावर भरल नांवाच्या निळसर झांक असलेल्या रानमेंढ्या आणि आयबेक्स या बांकदार शिंगांच्या रानशेळ्या हिंडतात, आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या.

तेथील कुरण पाहून आपण त्याला कुरण म्हणणार नाहीं. कुरण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर श्रावणांतलें माळरान उभें राहतें. येथें वीतभर उंचीचे गवताचे झुपके, मधून मधून कांटेरी झुडपें, आणि या दोहोंच्या मध्यें उघडी रेताड माती. परंतु वर जें दिसतें तें या गवताच्या संसाराचें केवळ दार आहे. घर खालीं आहे. अशा थंड, कोरड्या प्रदेशांत गवताच्या पात्यांपेक्षां त्याचीं मुळें वजनानें कित्येक पट अधिक भरतात. आणि मुळांच्या भोंवतीं, मातीच्या कणाकणांच्या फटींत, जंतूंची आणि बुरशीच्या तंतूंची वस्ती असते. सुपीक मातीच्या एका ग्रॅमांत, म्हणजे चिमूटभर मातींत, हे जंतु मोजावयाचे झाले तर कोटींनीं मोजावे लागतात.

या वस्तीचा व्यवसाय काय? आपण त्याला कुजविणें म्हणतों. त्या शब्दाला आपल्या घरांत उगाचच वाईट अर्थ चिकटला आहे. कुजणें म्हणजे मातीनें केलेलें पचनच होय. मेलेलें पान, वाळलेलें मूळ, पडलेलें शेण हें सारें जंतु खातात. त्या अन्नांत कर्ब असतो, म्हणजे कोळशांत असतो तेंच मूलद्रव्य, ज्याला इंग्रजींत कार्बन म्हणतात. खाल्लेल्या कर्बाचा एक भाग जंतूंच्या श्वासावाटे कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, होऊन हवेंत जातो. दुसरा भाग त्यांच्या देहाच्या वाढीस लागतो. जंतु मेले म्हणजे त्यांच्या देहांचे अंश चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात आणि तेथें वर्षानुवर्षें, कित्येकदां शतकानुशतकें, टिकून राहतात. मातीचा काळेपणा, तिचा मऊपणा, पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण, हीं सारीं बऱ्याच अंशीं या मृत जंतूंचीच मिरास आहे.

गृहिणींना हा हिशेब चटकन उमजेल. घरांत १०० रुपये आले. त्यांतले कांहीं नित्याच्या खर्चांत गेले, कांहीं शिल्लक पडले. खर्च टळत नाहीं, परंतु घराची स्थिति शिल्लकेवरून कळते. जंतूंनीं खाल्लेल्या कर्बांतून जो भाग श्वासांत उडाला तो खर्च, आणि जो देहांत राहिला ती शिल्लक. शास्त्रज्ञांनीं या प्रमाणाला कर्बवापराची कार्यक्षमता असें भारदस्त नांव दिलें आहे. आपण आजच्यापुरतें तिला शिल्लकच म्हणूं. पृथ्वीवरील सर्व वनस्पति आणि सर्व वातावरण मिळून जितका कर्ब आहे त्याहून अधिक कर्ब जमिनींत सांठलेला आहे. आणि पृथ्वीच्या भूभागापैकीं सुमारें ४० टक्के भाग या ना त्या प्रकारच्या चराऊ जमिनीचा आहे. तेव्हां चिमूटभर मातींतल्या जंतूनें शिल्लक थोडी कमी टाकली तर काय बिघडलें, असें म्हणतां येत नाहीं.

आतां या वस्तीच्या डोक्यावरून गुरें चालूं लागलीं म्हणजे काय होतें तें पाहूं. जनावर गवताचा शेंडा तोडतें तेव्हां त्याची वर्दी मुळांपर्यंत पोंचते. पुष्कळ गवतें अशा वेळीं मुळांवाटे साखरेसारखीं द्रव्यें मातींत अधिक सोडतात, आणि मुळांभोंवतींच्या जंतूंना एकाएकीं पक्वान्न मिळतें. उलट, गवत पुन्हां पुन्हां, सांवरावयास अवधि न देतां खाल्लें गेलें तर मुळांनाच उपास पडूं लागतो आणि मग जंतूंनाही. खुरांचा परिणाम निराळा. ओल्या मातीवरून कळप फिरला कीं तिच्यांतल्या फटी मिटतात, हवा आणि पाणी आंत शिरेनासें होतें, आणि ज्यांना हवा हवी असे जंतु मागें पडतात. या दोन्ही गोष्टी आपल्या गांवरानांतही दिसतात, म्हणून त्यांवर अधिक थांबत नाहीं.

परंतु स्पीतीसारख्या प्रदेशांत खरी किमया शेणाची आणि मूत्राची आहे. आपल्याकडे श्रावणांत पडलेलें पान दिवाळीपर्यंत मातींत मिसळून जातें. तेथें थंडी आणि कोरडेपणा यांमुळें वाळलेलें पातें वर्षानुवर्षें तसेंच पडून राहावें. जंतु आहेत, अन्न आहे, पण चुलीला जाळ नाहीं. अशा ठिकाणीं याकचें पोट हें त्या सबंध डोंगरावरचें एक ऊबदार पातेलेंच म्हणावें लागेल. बाहेर पारा कोठेंही असो, त्या पोटांत बारा महिने ३८ अंशांच्या आसपास उष्णता, भरपूर ओल आणि अब्जावधि जंतूंचें विरजण असतें. जें गवत बाहेर कुजावयास वर्षें लागलीं असतीं तें तेथें दोनतीन दिवसांत आंबून, विरघळून, शेणाच्या रूपानें मातीला परत मिळतें. मूत्रावाटें नत्र मिळतें, आणि नत्रावांचून जंतूंना देह बांधतां येत नाहीं. चरणारें जनावर गवत घेतें हें आपणांस दिसतें. मातीला तें काय देतें हें दिसत नाहीं, कारण त्याकडे पाहून आपण नाकाला पदर लावतों.

यांत एक व्यत्यय मात्र माणसाचा आहे. लांकूडफांटा नसलेल्या त्या मुलखांत शेण हेंच मुख्य जळण. हिवाळ्याच्या आधीं तें गोळा करून घरीं आणतात. कांहीं खत होऊन शेतांत जातें, कांहीं चुलींत. म्हणजे डोंगरावरच्या मातीच्या ठेवींतून थोडें थोडें काढून गांवांतल्या चुली पेटतात. यांत कोणाचा दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. शून्याखालीं ३० अंशांत ज्यानें एक रात्र काढली असेल त्यालाच त्यावर बोलण्याचा अधिकार.

चराई म्हणजे जमिनीचें नुकसान, आणि कुंपण घालून गुरें बाहेर ठेवलीं कीं जमीन आपोआप सुधारते, ही समजूत आपल्याकडे वनखात्यापासून तों शाळेंतल्या पुस्तकांपर्यंत दृढ झालेली आहे. तिच्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. अति चराईनें उजाड झालेल्या टेकड्या आपण पाहतोंच. पण ती सर्वत्र खरी आहे काय, हें कोणी तरी वर्षानुवर्षें माती तपासून पाहावयास हवें होतें. तें काम बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनें केलें. जुन्या पिढीचे लोक जिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत तीच ही संस्था. तेथील शास्त्रज्ञ सुमंत बागची यांनीं २००५ च्या सुमारास, हिमाचल सरकार आणि स्थानिक ग्रामस्थ यांच्या साहाय्यानें, स्पीतींत कुरणाचे कांहीं तुकडे कुंपणानें बंद केले. शेजारचे तसेच तुकडे जनावरांना मोकळे ठेवले. पुढें तपाहूनही अधिक काळ ते आणि त्यांचे विद्यार्थी तेथील माती नेऊन तपाशीत राहिले.

अशा कामाचें वर्णन एका वाक्यांत होतें. तें करणें तितकें सोपें नसतें. वर्षांतले चारच महिने रस्ता धड, हवा विरळ, आणि उत्तर मिळावयाचें तें दहापंधरा वर्षांनीं. विद्यापीठांत घाईनें पदवी मिळविण्याच्या या दिवसांत असे प्रयोग चालू राहतात याचें मला स्वतःला फार कौतुक वाटतें.

२०२२ सालीं त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. कुंपणाच्या आंत, जेथें एकही जनावर चरलें नव्हतें, तेथील मातींतला कर्ब वर्षावर्षाला अधिक खालींवर होत होता. ही चढउतार बाहेरच्या चरलेल्या जमिनीपेक्षां ३० ते ४० टक्क्यांनीं अधिक भरली. बाहेर, जेथें तोंडें लागत होतीं आणि शेण पडत होतें, तेथें कर्ब अधिक स्थिर राहिला. नत्राची ये-जा या स्थैर्यामागें मुख्य आहे असें संशोधकांचें म्हणणें. आतां सांठा स्थिर असण्याला एवढें महत्त्व कां? तर एका वर्षीं जमा झालेला आणि दुसऱ्या वर्षीं हवेंत उडून गेलेला कर्ब ही ठेव नव्हे; तो चालू खात्यांतला पैसा आहे. ज्या कर्बाच्या भरंवशावर हवेचें तापमान आवरण्याचे बेत करावयाचे तो जागेवर राहणारा असला पाहिजे. हजारों वर्षें ज्या कुरणांवर जनावरें चरत आलीं तेथील मातीची वस्ती त्यांच्या शेणामूत्राच्या आधारानेंच आपला संसार मांडून बसली आहे, आणि तो आधार काढून घेतला कीं तिचा ताल चुकतो, असा याचा साधा अर्थ.

येथें कोणीही पशुपालक संतोषानें म्हणेल कीं, झालें तर, आमचीं गुरें निर्दोष ठरलीं! आणि येथेंच गोष्टीला वळण लागतें. कारण चरणारीं जनावरें दोन तऱ्हांचीं आहेत: डोंगरावरचीं रानटी आणि गांवांतलीं पाळीव. दोन्ही गवतच खातात, दोहोंना खूर आहेत, दोन्ही शेणच टाकतात. मग एकाच्या जागीं दुसरें आलें तर मातीला फरक कां पडावा? पण पडतो. त्याच गटानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासांत रानजनावरांच्या कुरणांतली आणि पाळीव जनावरांच्या कुरणांतली माती शेजारीं शेजारीं ठेवून तपासली. पुष्कळ बाबतींत दोन्ही मात्या बहिणीबहिणी निघाल्या. परंतु ज्या एका गोष्टीला मघां आपण शिल्लक म्हटलें तेथें अंतर पडलें. पाळीव जनावरांच्या मातींतल्या जंतूंची शिल्लक १९ टक्क्यांनीं कमी होती. रानमेंढीच्या कुरणांतले जंतु जेथें १०० मागें टाकीत तेथें हे ८१ टाकीत, बाकीचें श्वासांत उडवीत. आणि त्या मातींतला कर्बाचा सांठाही कमी होता.

कारणें शोधतां शोधतां संशोधकांचें बोट एका अनपेक्षित वस्तूवर येऊन थांबलें. पाळीव जनावर आणि रानजनावर यांत एक भेद असा कीं, पहिलें आजारी पडलें तर त्याला औषध मिळतें. दुसऱ्याला मिळत नाहीं. पाळीव जनावरांच्या कुरणांतल्या मातींत टेट्रासायक्लिन नांवाच्या जंतुनाशक औषधाचा अंश सांपडला. हें औषध जनावराच्या पोटांत पूर्णपणें जिरत नाहीं. त्याचा बराच भाग शेणामूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मातींत पडल्यावर तें चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतें आणि सहजासहजीं नाहींसें होत नाहीं. जंतूंच्या देहांत प्रथिनें घडविणारा जो सूक्ष्म कारखाना असतो त्याची चावी तें अडवितें. जंतु लगेच मरतोच असें नाहीं. त्याची वाढ थांबते. बुरशीवर त्याचा तसा परिणाम होत नाहीं, म्हणून वस्तींतला जंतूंचा आणि बुरशीचा जुना समतोल ढळतो. खाणारे राहतात, पण देह बांधणारे घटतात. घरांत मिळकत तीच असावी आणि शिल्लक टाकणारीं माणसें तेवढीं आजारी पडावीं, असा हा प्रकार.

या औषधाची जन्मकथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९४५ सालीं अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या एका जुन्या शेतीप्रयोगक्षेत्रांतून, गवत लावलेल्या एका तुकड्यांतली माती लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत पाठविण्यांत आली. त्या मातींत बेंजामिन डगर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाला एक सोनेरी रंगाचा जंतु आढळला. तो एक पिंवळें द्रव्य सोडी, आणि त्या द्रव्यापुढें नाना प्रकारचे रोगजंतु हतबल होत. १९४८ सालीं तें ऑरिओमायसिन या नांवानें जगापुढें आलें. टेट्रासायक्लिन वर्गाचें हें पहिलें औषध. त्या वेळीं लेडर्लेच्या सर्व संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रांतल्या भीमवरमजवळ जन्मलेला हा मनुष्य १९४८ सालींच परदेशांत निवर्तला, आणि त्याचें नांव अजूनही आपल्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. या औषधानें असंख्य माणसांचे आणि जनावरांचे प्राण वांचविले. तें गवताखालच्या मातीनेंच दिलें होतें. तेंच आतां मेंढीच्या पोटांतून गवताखालच्या मातींत परत येत आहे. फरक मात्रेचा. मातींतला जंतु तें थेंबानें सोडीत होता. आपण तें पुड्यांनीं देतों.

जनावराला दिलेलें औषध जनावरापाशीं थांबत नाहीं, याचा मोठा धडा आपण एकदां घेतला आहे. गुरांना ताप-सूज यांवर दिलेलें डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटांत गेलें आणि गिधाडें पाहतां पाहतां नाहींशीं झालीं. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं त्याचा वापर बंद केला. तेथें निदान आकाश रिकामें झालेलें डोळ्यांना दिसलें. मातींतला जंतु कमी झाला तर कोणाच्या घरावर घिरट्या घालावयाच्या थांबतात?

म्हणून मग गुराख्यानें औषध देऊं नये काय? हें शहरांत बसून म्हणणें फार सोपें आहे. किब्बरच्या माणसाच्या दृष्टीनें याक म्हणजे नांगर, दूध, लोंकर, जळण आणि बँकेंतली ठेव, सारें एकाच खुंट्याला बांधलेलें. बर्फ पडल्यावर रस्ता बंद होतो. पशुवैद्य नेहमीं हांकेच्या अंतरावर असतोच असें नाहीं. अशा वेळीं गोठ्यांत तापानें हुडहुडणारें जनावर आणि फडताळांत औषधाची पुडी असतां ती पुडी न देणें हें मला तरी पाप वाटेल. निषेध करावयाचा तो निराळ्या वापराचा. जगांत पुष्कळ ठिकाणीं निरोगी जनावरांना, केवळ तीं लवकर वजनदार व्हावींत म्हणून, हींच औषधें खाद्यांतून चारलीं जात. युरोपीय संघानें २००६ सालीं ही चाल बंद केली. आपल्याकडे २०१९ सालीं कोलिस्टिन या एका औषधावर जनावरांच्या बाबतींत बंदी आली. माणसांच्या औषधांना रोगजंतु दाद देईनासे झाले या भीतीनें हे निर्णय झाले. मातीचा विचार त्यांत मुख्य नव्हता.

डोंगरावरच्या पशुपालकासाठीं करण्यासारख्या गोष्टी याहून साध्या आहेत. लस वेळेवर टोंचली तर औषधाची पाळीच कमी येते. औषध चालू असलेलें जनावर तेवढे दिवस कुरणांत न सोडतां गोठ्यांतच ठेवलें तर त्याचें शेण एका जागीं राहील. शेणाचा ढीग चांगला तापून कुजला तर टेट्रासायक्लिनचा बराच भाग त्या उष्णतेंत मोडतो. मात्र स्पीतीच्या थंडींत ढीग तापविणें हेंच एक शास्त्र आहे. आणि गंमत अशी कीं, ज्या गोवरीच्या चुलीकडे आपण मघां थोड्या खेदानें पाहिलें ती येथें उपयोगी पडते. गोवरीबरोबर औषधही जळून जातें.

किब्बरचे लोक असा कांहीं विचार मनावर घेतील काय, या शंकेला त्यांच्याच गांवाचा इतिहास उत्तर देतो. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, म्हैसूरच्या निसर्गसंरक्षण संस्थेशीं बोलणें होऊन, त्यांनीं आपल्या चराऊ डोंगरांपैकीं सुमारें ५ चौरस किलोमीटर जागा कांहीं मोबदला घेऊन गुरांसाठीं बंद केली आणि रानमेंढ्यांसाठीं मोकळी सोडली. पुढें तेथें भरलांची संख्या वाढली. स्वतःच्या गुरांच्या तोंडचा घांस काढून रानजनावरांना देण्याचा हा ठराव सरकारी हुकुमानें नव्हे, गांवाच्या संमतीनें झाला.

या सर्व आंकड्यांचा आपल्या दख्खनच्या माळांना सरसकट लावून उपयोग नाहीं, हें मात्र सांगून ठेवतों. आपल्याकडचा पाऊस निराळा, माती निराळी, गवत निराळें. परंतु शेण-लेंडीचें मोल आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागलें नाहीं. धनगराचा कळप रात्रीं आपल्या शेतांत बसावा म्हणून तो धान्य किंवा रोख रक्कम मोजीत आला आहे. त्या व्यवहारांत लेंडी आणि मूत्र मोजलें गेलें. त्यांतून औषध किती आलें हें मोजण्याची वेळ पूर्वीं कधीं आली नव्हती.

आमच्या दह्याची गोष्ट अर्धीच राहिली. म्हशीच्या सुया थांबून चारपांच दिवस झाल्यावर दूध पुन्हां शुद्ध येऊं लागलें. तरी दहीं नीट लागेना, कारण तोंवर घरचें विरजणच बिघडलें होतें. मग वहिनींनीं शेजारच्या काकूंकडून चमचाभर विरजण मागून आणलें आणि दुसऱ्या सकाळीं दहीं सुरीनें कापावें असें घट्ट लागलें. मातीच्या बाबतींतही हा उपाय अगदींच कवि-कल्पना नाहीं. हॉलंडमध्यें पूर्वीं शेती होत असलेल्या पडीक जमिनीवर संशोधकांनीं चांगल्या जुन्या कुरणाच्या मातीचा पातळ थर पसरून पाहिला. त्या विरजणानें खालच्या जीवसृष्टीला आणि तिच्यामागोमाग वरच्या गवतालाही कुरणाचें वळण लागलें, असें त्यांनीं २०१६ सालीं दाखविलें. बागची आणि त्यांचे सहकारी यांचेंही म्हणणें असें कीं, पाळीव जनावरांच्या कुरणांत जुने जंतु पुन्हां वसवितां येतील काय हें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं विरजण फार लांबून आणावयास नको. किब्बरच्या वरच्या अंगाला, भरल जेथें चरतात त्या उतारावर, तें अजून शाबूत आहे.